पाच खेळाडू, तीन पदकं

२९ जुलै

२०२१ साली याच तारखेला टोकियोत सान मारिनोला ऑलिंपिकमधलं पहिलं पदक मिळालं. हा देश १९६०च्या रोम ऑलिंपिकपासून खेळतोय. चहूबाजूंनी इटली, क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम ३४ हजार. टोकियोला गेलेले खेळाडू पाच आणि पदकं तीन. दरडोई पदकांचे तक्ते काढून याला चमत्कार ठरवणं सोपं आहे, पण त्या तक्त्यांतून काहीच कळत नाही. बघायचं ते खेळ कोणता निवडला हे.

ट्रॅप नेमबाजीला, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या टिपण्याच्या खेळाला, ना संघ लागतो, ना मोठं स्टेडियम. लागतं ते मैदान, बारा बोअरची दुनळी आणि ढीगभर काडतुसं. बेरेटा आणि पेराझीचे बंदुकांचे कारखाने शेजारच्या इटलीत, ब्रेशाकडे. नेमबाजासमोरच्या खंदकात पंधरा यंत्रं, प्रत्येक जागेपुढे तीन. हाक दिली की त्यातल्या एकातून तबकडी सुटते. कुठल्या, ते आधी कळत नाही. फेरी २५ तबकड्यांची: दहा डावीकडे, दहा उजवीकडे, पाच सरळ. तबकडी ११ सेंटीमीटरची. तिचा माग काढताना नळी क्षणभर जरी थबकली, तरी छर्रे मागे राहतात. बहुतेक चुका इथेच होतात. पात्रता फेरीत दुसरा बार मारता येतो, अंतिम फेरीत मात्र एकच.

सान मारिनोची ट्रॅप नेमबाज अलेस्सांद्रा पेरिल्ली हिचं २०१२च्या लंडनमधलं पदक शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा नेमबाजीत, हुकलं होतं, ती चौथी आली. टोकियोत कांस्य मिळालं, तेच देशाचं पहिलं पदक. दोन दिवसांनी जान मार्को बेर्तीबरोबर मिश्र दुहेरीत रौप्य. स्पेन ४१, सान मारिनो ४०. सुवर्ण गेलं ते एका तबकडीनं.

तिसरं पदक आपल्याला बोचणारं. ८६ किलो फ्रीस्टाइल कुस्तीत ते माइल्स अमीनला मिळालं. तो मूळचा अमेरिकेतला, मिशिगनच्या तालमीत घडलेला, सान मारिनोकडून खेळला तो आईकडच्या नात्यामुळे. यात काही लबाडी आहे असं मला वाटत नाही, नियमात बसतं. अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून आधी हरलेल्यांना रेपेचाजमधून, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या लढतींतून, कांस्याच्या लढतीपर्यंत येता येतं, तसा तो आला. समोर भारताचा दीपक पुनिया, २-१ नं पुढे. कुस्ती संपायला काही सेकंद उरले असताना अमीननं टेकडाउनचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवण्याचे, दोन गुण घेतले. आपल्या कोपऱ्यातून चॅलेंज, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान, टाकलं गेलं. चॅलेंज फेटाळलं की प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, त्यामुळे फलकावर ४-२ दिसतं. पण कुस्ती गेली ती त्या टेकडाउनवर, चॅलेंजवर नव्हे. पिछाडीवर असताना आणि वेळ संपत आलेली असताना चॅलेंज टाकण्यात गमावण्यासारखं काही नव्हतंच.