मोजणीत न बसलेला सामना

२०२४च्या मे अखेरीस अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगचे, म्हणजे वर्णभेदामुळे बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या लीगचे, आकडे अधिकृत नोंदींत घेतले आणि कारकिर्दीच्या ०.३७२ फलंदाजी सरासरीने निग्रो लीगचा जॉश गिब्सन मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर गेला. न्यू जर्सीतल्या आमच्या ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात फोन थांबेनात. सगळ्यांना गिब्सनच हवा. तो पिट्सबर्गकडचा, आमच्याकडचा निग्रो लीग संघ नेवार्क ईगल्स, हे सांगून घसा बसला.

त्यात ऐंशीच्या घरातले एक कृष्णवर्णीय आजोबा आले. म्हणाले, माझे मामा १९४६ साली ईगल्सकडून खेळायचे, पण नव्या यादीत नाव नाही.

मायक्रोफिल्म लावली. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं बहुतेक साप्ताहिकं. आकडे संघांनीच कळवायचे, आणि हरलेला संघ हमखास टाळाटाळ करायचा. छपाई इतकी पुसट की ३ की ८ कळत नाही. अशा वेळी मी बाद केलेल्यांचा रकाना धरते. समोरचा संघ नऊच्या नऊ डाव खेळला असेल तर बेरीज २७ यायलाच हवी. एका बॉक्स स्कोअरची, म्हणजे सामन्याच्या छापील आकडेतक्त्याची, बेरीज २६ वर अडली. बराच वेळ भिंग फिरवल्यावर कागदाच्या घडीत दबलेली ओळ दिसली: राइट फील्ड (मैदानाची उजवी बाजू), दोन हिट, एक झेल. आडनावातलं एक अक्षर चुकलेलं, पण मामाच!

समोर मात्र एका कारखान्याचा संघ. लीगचा सामना नाही, म्हणून मोजणीत नाही. नियम म्हणून ठीकच आहे, मीही तोच केला असता. पण लीगचे सामने एवढे थोडे का, हे कोण विचारतं? नेवार्कचं रूपर्ट स्टेडियम मेजर लीगमधल्या यँकीजच्या दुय्यम संघाचं, ईगल्स तिथे भाडेकरू. एरवी तिकीट खपेल तिथे, कुणाशीही खेळून पगार भागवायचे. त्या यँकीजनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो १९५५मध्ये. दर १५ एप्रिलला मेजर लीगचे सगळे खेळाडू जॅकी रॉबिन्सनचा ४२ नंबर घालून मिरवतात; विसाव्या शतकात तिथे उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याला नेताना डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्याच्या निग्रो लीग संघाला, मोनार्क्सना, दमडीही दिली नाही, हे भाषणांत येत नाही. ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली भांडल्या, म्हणून क्लीव्हलँडच्या मेजर लीग संघाने नेलेल्या त्यांच्या लॅरी डोबीचे निदान १५,००० डॉलर तरी मिळाले. १९४८च्या हंगामानंतर संघच विकावा लागला.

आजोबा म्हणाले, “डोबी क्लीव्हलँडला गेला तेव्हा आमची गल्ली नाचली. मग सगळे रेडिओला चिकटले. ईगल्सचं तिकीट कोण काढणार? मामाही काढेना.”

त्यांनी दोन प्रती घेतल्या आणि आडनाव दुरुस्त करून मागितलं. छापील पानाला हात लावता येत नाही. सूचीत मात्र मी बरोबर आडनाव घातलंय. वरिष्ठ विचारतात, पुरावा काय? भाच्याचा शब्द, मी म्हटलं. नोंद अजून मंजूर व्हायची आहे.