जांभई येईपर्यंत

मायलेक आले तेव्हा सकाळची गोळीवाटपाची रांग नुकतीच सरली होती. मे महिना, पंख्याखालीसुद्धा साडी पाठीला चिकटत होती. मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दच्या (हेरॉइनच्या) जागी औषध देऊन व्यसनावर उपचार करणाऱ्या केंद्रात, स्टाफ नर्स आहे. सुईने गर्द घेणाऱ्यांना आमच्याकडे रोज येऊन औषध घ्यावं लागतं, फुकट.

मुलगा सव्वीस वर्षांचा, मंडपवाल्याकडे बांबू बांधायच्या कामावर. दोन वर्षं पन्नीवर तापवून धूर ओढायचा, मग वर्षभर सुई. आईच्या पिशवीत जुने केसपेपर, आधार कार्ड आणि जेवणाचा डबा.

"शेवटचं कधी घेतलंस?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"काल रात्री आठला."

मी डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बोलता बोलता पापण्या मिटत होत्या. रात्री आठला घेतलेला माणूस सकाळी अकराला असा नसतो, एव्हाना त्याला टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा त्रास, लागलेली असते. मी त्याच्या आईला, मावशींना, पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं आणि त्याच्याजवळ बसले. "खरं सांग. इथे कुणी ओरडणार नाही."

"सकाळी सहाला," तो म्हणाला. "आईला नका सांगू. घेतलं नसतं तर इथवर पोचलोच नसतो."

हे त्याने सांगितलं म्हणून पुढचं सगळं नीट झालं. आम्ही देतो ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. मेंदूत गर्द ज्या जागा धरून बसतो त्याच जागा तीही धरते, पण तिची पकड जास्त घट्ट. गर्द तिथे असताना गोळी दिली तर ती त्याला उठवून स्वतः बसते, आणि तिचा अंमल गर्दइतका पूर्ण नसल्यामुळे माणूस उंचावरून खाली आपटतो. एरवी तासातासाने चढणारी टर्की एकदम अंगावर येते. मी नवीन असताना एका पेशंटच्या शब्दावर गेले होते. बाहुल्या बघायच्या राहिल्या. तासाभरात तो पोट धरून जमिनीवर लोळत होता. सावरल्यावर निघून गेला तो परत आला नाही. आमच्या औषधाला तो विष समजून गेला, याचं दुःख मला अजून आहे.

म्हणून थांबायचं होतं. मावशींना ते पटेना.

"औषध कपाटात आहे, पोरगं समोर आहे, आणि तुम्ही त्याला त्रास होईपर्यंत बसवणार?"

त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. त्यांच्यापाशी बाकावर बसले, तेव्हा त्यांनी आधीची हकिगत सांगितली. कर्ज काढून त्याला तीन महिने एका खासगी केंद्रात ठेवलं होतं. औषध काही नाही, नुसतं कुलूपबंद. सुटून आला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलेलं. यांनी चाळीत पेढे वाटले. नवव्या दिवशी तो स्टेशनजवळच्या संडासात निळा पडलेला सापडला. रिक्षावाल्याने कॅज्युअल्टीत नेला, गर्दचा अंमल उतरवणाऱ्या नॅलोक्झोनच्या इंजेक्शनाने श्वास परत आला.

"हावरटासारखं जास्त घेतलं असेल," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. पहिल्याएवढंच घेतलं असेल."

तीन महिन्यांत शरीराची सवय मोडते. रोज पचणारा डोसच मग श्वास थांबवतो. तुरुंगातून सुटलेल्यांचंही हेच होतं. लोक ज्याला 'सुटला' म्हणून हार घालतात, तो त्याच दिवसांत मरणाच्या सगळ्यात जवळ असतो. हे घरच्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं, आणि कुणी सांगत नाही.

एकच्या सुमाराला वडिलांचा फोन आला, स्पीकरवर. एक नशा सोडून दुसरी लावताय, आणि तिथे नाव नोंदलं की पोलीस घरी येतील. पोलिसांचं मॅडमनी सांगितलं: आपणहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, माल थोडा असेल तर, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64-अ खाली खटल्यापासून संरक्षण आहे. नशेचं मी सांगितलं. सुई दिवसातून तीनचारदा लागते, दर वेळी चढ आणि उतार. गोळी दिवसातून एकदा. तिच्यावर माणूस झिंगत नाही, कामाला जातो. ठरावीक मात्रेपुढे श्वासावरचा तिचा परिणाम वाढत नाही, फक्त सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत. आणि सुई सुटली की एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांचा मोठा धोका टळतो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

अडीचला पहिली जांभई आली. मग एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. नाक गळायला लागलं, तो शर्टाच्या बाहीला पुसत होता. सव्वातीनला मी हात उलटा करून बघितला. एवढ्या उकाड्यात त्याच्या हातावर काटा उभा होता, सोललेल्या कोंबडीसारखा. पाय स्थिर राहीनात. मावशींनी त्याचे दोन्ही गुडघे दाबून धरले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. मॅडमनी फॉर्मवरची लक्षणं मोजली आणि मान हलवली.

दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मी बारीक करून त्याच्या जिभेखाली ठेवल्या. "बोलायचं नाही. थुंकी गिळायची नाही." गिळली तर पोटात वाया जाते. सात मिनिटं तो तोंड मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग मी त्याला जीभ उचलायला लावली. पूर्ण विरघळली होती.

चाळीस मिनिटांनी त्याने विचारलं, "आई, डब्यात काय आहे?"

वांग्याची भाजी होती. तो सावकाश जेवला. मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

"किती दिवस घ्यायची?"

"वर्ष, दोन वर्षं. कुणाला त्याहून जास्त. कमी करायची ती हळूहळू, मॅडमना विचारून. घाईने बंद केली की पुन्हा संडास आणि कॅज्युअल्टी."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "मी बारा वर्षं शुगरची गोळी घेते. मला कुणी नावं ठेवत नाही."

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अफू-गर्दसारख्या पदार्थांच्या त्रासापोटी मदतीची गरज असलेले 77 लाखांहून जास्त लोक निघाले होते. कुठे जायचं हे कळत नसेल तर केंद्र सरकारचा 14446 हा फुकटचा नंबर आहे. घरात कुणी सुई घेत नसेल, नुसतं ओढत असेल किंवा दुखण्याच्या गोळ्यांत अडकलं असेल, तरी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला तो रांगेत होता, दाढी केलेली. त्याने वहीत सही केली, जिभेखाली औषध घेतलं. खिडकीतून बघितलं तर गेटापाशी एक वयस्क माणूस उभा होता, हातात पोराच्या कामाची सुतळ्यांची पिशवी. आत आला नाही. मी हात केला, तर त्यांनी घाईने मान वळवली. पण तो बाहेर येईपर्यंत ते तिथेच थांबले.