मार्फत 56 एपीओ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि पहिल्यांदा आठवल्या त्या चित्रकलेच्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कळतं.

1999 चा जुलै. मी आठवी ब मध्ये होतो. कारगिलचं युद्ध चालू होतं. 4 तारखेला तिथलं टायगर हिल हे शिखर आपल्या जवानांनी परत घेतलं आणि त्याच आठवड्यात हेडसरांनी प्रार्थनेला सांगितलं की, प्रत्येकानं जवानांसाठी आभाराचं कार्ड करायचं. बाईंनी ड्रॉईंगचा जाड कागद अर्धा अर्धा वाटला. फळ्यावर पत्ता लिहिला, शेवटी ‘मार्फत 56 एपीओ’. हे गाव कुठं आलं, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, “गाव नाही रे ते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पलटण कुठं आहे ते फौजेच्या टपालालाच ठाऊक. बाहेर कुणाला कळू द्यायचं नसतं.”

मी तिरंगा काढला, बंदूक काढली आणि आत लिहिलं, ‘शूर जवानांनो, तुमच्यामुळे आम्ही सुखानं झोपतो.’ शेजारच्या चौघांचंही तेच. बाई रागावल्या नाहीत. माझ्या बाकावर टेकल्या नि म्हणाल्या, “तुझा भाऊ तिकडं असता तर त्याला हेच लिहिलं असतंस? घरचं काहीतरी लिही.” मग मी लिहिलं, ‘पेरणी झाली. तांबडी गाय व्याली, कालवड झालीय. तुम्ही आलात की खरवस देऊ.’ बाईंनी ते वाचलं आणि कोपऱ्यात स्वतःच्या हातानं कालवड काढून दिली. पाय दुमडून बसलेली, कपाळावर पांढरा ठिपका.

उत्तर आलं नाही. दिवाळीपर्यंत मी शिपाईमामांना विचारत होतो.

2004 ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावचं ट्रेनिंग झालं, पुढं काश्मीर. तिथं एका पोस्टवर डाकेतून कुठल्याशा शाळेची कार्डं आली. छापील, सगळ्यांवर एकच मजकूर. बरं वाटलं, बाजूला ठेवली. एकच कार्ड हातानं केलेलं होतं. त्यावर मांजर काढलेलं, खाली एका मुलीनं हिंदीत लिहिलेलं : घरात उंदीर फार झाले म्हणून मांजर आणलंय, तुमच्याकडे उंदीर आहेत का?

होते. रात्री बंकरमध्ये अंगावरून पळायचे. ते कार्ड अख्ख्या पोस्टनं आळीपाळीनं वाचलं, लंगरपर्यंत, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत, फिरून आलं. त्या रात्री जो तो आपापल्या घरचं बोलत होता. मी त्याच दिवशी तिला उत्तर लिहिलं. लिहिताना बाईंची कालवड डोळ्यांसमोर होती.

हे बाईंना सांगायचं होतं. सुट्टी यायची, शेतात आणि लग्नकार्यात संपायची. उद्या जाऊ, परवा जाऊ. 2016 ला आलो तेव्हा बाई गेल्याचं कळलं. ही चूक मला आजही सलते.

17 वर्षं नोकरी करून 2021 ला घरी आलो. दर 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, मोबाईलवर जवानांच्या आभाराचे तयार संदेश येतात, तेच इकडून तिकडं जातात. जीव तुटतो. पाठवणाऱ्याच्या घरी काय चाललंय, एवढं एक वाक्य तरी असावं.

मांजराचं कार्ड अजून माझ्या ट्रंकेत आहे. कार्यक्रमाला येताना आणतोय. बाईंच्या वर्गात फळ्याशेजारी त्याला जागा द्यावी, एवढी विनंती.