एमएस्सी बायोकेमिस्ट्रीसाठी कर्ज काढताय? आधी हप्ता मांडा

माहितीपत्रकातलं ‘हायेस्ट पॅकेज’ बाजूला ठेवा. बायोकेमिस्ट्रीत पगार किती मिळतो याहूनही तो कधी वाढतो हे महत्त्वाचं. एज्युकेशन लोनचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. बरा पगार मात्र बहुतेकदा पीएचडीनंतर, नाहीतर कंपनीत तीन-चार वर्षं काढल्यावर हातात येतो. कर्ज जड जातं ते या मधल्या वर्षांत.

समजा, दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी १० टक्के दराने ५ लाख घेतले आणि बँकेने ते दर वर्षाच्या सुरुवातीला अडीच-अडीच लाख असे दिले. हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याज लागतं. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्या अडीच लाखांवर दोन वर्षांचे ५० हजार. म्हणजे सुरुवातच सव्वासहा लाखांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ८,२६० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर ६,७१६, पण एकूण भरणा १२ लाखांच्या वर जातो.

आता पगार. फार्मा कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नव्या मुलाच्या हातात २२ हजार येतात असं धरा. (तुमच्या शहरातला आकडा सीनियर्सना विचारा, आणि विचारताना सीटीसी, म्हणजे कंपनी कागदावर दाखवते तो एकूण आकडा नको, पीएफ वगैरे कापून खात्यात पडणारी रक्कम विचारा.) हप्ता भरून उरतात १३,७४०. त्यात खोलीभाडं, मेस आणि प्रवास. घरी राहत असाल तर जमेल, एरवी महिनाअखेरीला वडिलांना फोन ठरलेला.

माझ्या मते हप्ता हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये. २२ हजारांना तो ४,४०० बसतो. याच दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने उलट मोजलं तर मूळ कर्ज जेमतेम २ लाख ६६ हजारांपर्यंत झेपतं. खासगी विद्यापीठाची फी याच्या दुप्पट असेल तर सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात जागा मिळेपर्यंत एक वर्ष थांबणंही स्वस्त पडतं.

शिकतानाच व्याज भरता आलं तर भरा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,०८३ आणि पुढे ४,१६७ रुपये लागतात. मग हप्ता ५ लाखांवरच बसतो, ६,६०८ रुपयांचा. भरलेले सव्वा लाख वजा केले तरी दहा वर्षांत ७० हजारांहून जास्त वाचतात. काही बँका अशा वेळी दरात एक टक्का सूटही देतात. शैक्षणिक कर्जावर आयकरात मिळणाऱ्या वजावटीवर मात्र भिस्त ठेवू नका. ती फक्त व्याजावर, फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठच वर्षं मिळते. सुरुवातीच्या पगारावर मुळात करच लागत नाही, मग वजावट कशातून घेणार?

शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट बऱ्याचदा बाहेरच्या संस्थेत होतो. तिथलं राहणं-खाणं आणि काही ठिकाणी प्रोजेक्टची फी, हा खर्च आधी कुणी मोजत नाही. प्रोजेक्ट आणि प्रबंधाचा खर्च कर्जात बसू शकतो, पण तो कॉलेजच्या अंदाजपत्रकात लिहिलेला हवा. कर्ज मंजूर झाल्यावर रक्कम वाढवून घेणं कटकटीचं.

नोकरी शोधताना आणखी एक ठेच लागते. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक पट्ट्यातल्या क्यूसीच्या जाहिराती अनेकदा ‘एमएस्सी केमिस्ट्री / ॲनालिटिकल’ किंवा बी. फार्म मागतात आणि बायोकेमिस्ट्रीचा अर्ज चाळणीतच गळतो. एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) स्वतः रन लावलेले असतील, मेथड व्हॅलिडेशन (चाचणीची पद्धत भरवशाची असल्याची पडताळणी) आणि जीएमपीची (औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांची) कागदपत्रं हाताळलेली असतील, तर ते बायोडेटात वरच लिहा. आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. मशीनवर धूळ असेल तर फी कमी करून मागण्यासारखी आहे, पण करणार कोण!

संशोधनात जायचं असेल तर सगळं गणित नेट परीक्षेवर टांगलेलं. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. शिवाय वसतिगृह नसेल तर घरभाडं, पुण्या-मुंबईत ३० टक्के. आकडा क्यूसीच्या पगाराहून बरा, पण पैसे कधी कधी महिनोन्‌महिने अडकतात आणि मग एकदम येतात. बँक तोवर थांबत नाही. हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) बिघडतो, तोही सहकर्जदार असलेल्या आईवडिलांसकट. सहा हप्त्यांएवढी रक्कम खात्यात राखून ठेवा. पीएचडीच्या काळात हप्ता पुढे ढकलता येईल का, हे कर्ज घेतानाच बँकेकडून लेखी घ्या.

परदेशाचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या एमएस्सीसाठी ११ टक्क्यांनी ३० लाख घेतले तर दोन वर्षांनी ३६ लाख ६० हजार होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ५० हजारांच्या वर जातो. भारतातल्या नवख्या पगारातून तो फिटणं अशक्य, म्हणजे तिथे नोकरी मिळणं हीच अट झाली आणि त्यासाठी कंपनीने व्हिसा स्पॉन्सर करायला हवा. अमेरिकेत बायोकेमिस्ट्रीच्या पीएचडीला बहुतेक विद्यापीठं ट्यूशन माफ करून वर स्टायपेंड देतात. पीएचडीच करायची असेल तर एमएसवर ४० लाख उधळण्याआधी त्या प्रवेशाचा अर्ज भरा. तीन वर्षांची बीएस्सी तिथे चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला वेगळं विचारावं लागेल.