म्हशींची रात्रपाळी

कच्छच्या पांढऱ्या रणाचं मी एका परिच्छेदात उरकते. पौर्णिमा गाठून गेलो होतो, म्हणजे अख्खा गुजरात आणि निम्मं पुणे तिथे हजर. उंटगाड्या, कर्ण्यावरचा गरबा, मीठ तुडवत चाललेली फोटोसेशनं. दिसतं सुंदर, वाद नाही. पण ते दिसायला आधी माणसांच्या गर्दीतून फट सापडावी लागते. तंबूचं एका रात्रीचं भाडं ऐकून नवऱ्याने जो चेहरा केला, तो रणापेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

चिडले मी वेगळ्याच गोष्टीवर. भुजहून रणाकडे जाताना बन्नी लागते. अडीच हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला सपाट प्रदेश. लोक तिथे फक्त भिरंडियाऱ्याला माव्यासाठी थांबतात आणि पुढे सुटतात. आमच्या तंबूवाल्यांचा माहितगार पोरगा खिडकीबाहेर हात झटकून म्हणाला, "ये सब बंजर है मॅडम, कुछ नहीं है." इतकी गुरं त्या ‘कुछ नहीं’मध्ये चरताना समोर दिसत होती, तरी!

म्हणून परतताना ड्रायव्हरला म्हटलं, इथलं कुणी ओळखीचं आहे का? होते. होडकोच्या बाजूला एका वांढीत म्हशी बाळगणारे एक चाचा. वांढ म्हणजे माळधाऱ्यांची, इथल्या गुरं पाळणाऱ्यांची, वस्ती. भुंगे म्हणजे गोल मातीची घरं, लिंपलेलं स्वच्छ अंगण, आणि चहा. त्या चहात पाण्याचा थेंब नव्हता. नुसतं दूध आटवून त्यात पत्ती आणि मूठभर साखर, बशीत ओतून दिलेला. "बस, चाचा" म्हणायची सोय नाही. बशी खाली ठेवली की भरलीच.

संध्याकाळची धार आटोपत आली होती. बन्नीची म्हैस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. काळीभोर, रुंद, शिंगांना दोन-दोन वेढे, कानाजवळ घट्ट वळलेली. 2010 साली या जातीला देशपातळीवर स्वतंत्र म्हणून मान्यता मिळाली. चांगली म्हैस दिवसाला 12-15 लिटर देते आणि लाखाच्या वर किंमत घेते. चाचा त्यांना नावाने हाक मारत होते, आणि ज्या म्हशीचं नाव घ्यावं तीच वळून बघत होती.

अंधारून आलं तशी एक थोराड म्हैस उठली, अंग झटकलं, आणि चालायला लागली. कुणी हाकारलं नाही, काठी उगारली नाही. तिच्यामागे दुसरी, मग सगळी रांगच. गळ्यातल्या घंट्या वाजत राहिल्या, म्हशी काळोखात मिसळून गेल्या. मी वाट बघत होते की आता एखादा पोरगा कंदील घेऊन मागे धावेल. कुणीच हललं नाही.

"यांच्याबरोबर कोण जातं?"

"कोई नहीं, बेन. उनको मालूम है."

दिवसा ऊन सोसत नाही म्हणून त्या रात्रीच्या चरतात. काही किलोमीटर दूर जातात, पोट भरतात आणि पहाटे धारेच्या वेळेला आपापल्या अंगणात परत. राखणदार नाही, कुंपण नाही. माझा मुलगा शाळेतून वेळेवर घरी येत नाही, हे मी तिथे बोलले नाही.

पण हे सगळं चालतं ते जमीन मोकळी आहे म्हणून. आणि इथेच चाचांचा आवाज चढला. रणाचं खारेपण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने 1961 च्या सुमारास इथे वेडी बाभूळ लावली. हे ‘गांडो बावळ’ आज बन्नीचा निम्म्याच्या आसपास भाग व्यापून बसलंय. जनावरं शेंगा खातात, बिया शेणातून सगळीकडे पडतात, पावसाने रुजतात. गाईंना त्या शेंगा जास्त झाल्या की बाधतात, त्यामुळे कांकरेज गाई कमी होत गेल्या आणि म्हशी वाढल्या. ध्रामणसारखं गवत काट्यांखाली वाढेना. "उखाड़ दो सब," चाचा म्हणाले.

त्यांचा पुतण्या बाजूलाच बसला होता, नखांत काळं भरलेलं. तो याच बाभळीचा कोळसा करतो. पूर्वी बाभूळ तोडायला बंदी होती, 2004 मध्ये ती उठली, 2008 मध्ये पुन्हा आली. भट्ट्या कमीजास्त होत राहिल्या, पोट मात्र रोजचंच. तो कच्छीत काहीतरी बोलला, चाचा त्याहून मोठ्याने बोलले, आणि आम्ही दोघं बशीत बघत राहिलो. ड्रायव्हरने नंतर सांगितलं, पोरगा म्हणत होता की सगळी बाभूळ गेली तर गवत येईपर्यंत मी खाऊ काय?

कागदाची गोष्ट तर आणखी न्यारी. 1955 पासून बन्नी ‘संरक्षित वन’ आहे. म्हणजे जिथे गवत आणि गुरं आहेत त्याला सरकारदरबारी जंगल म्हणायचं, आणि पिढ्यानपिढ्या चारणाऱ्यांच्या हातात सातबारा नाही. वनहक्क कायद्याखाली गावांनी सामूहिक दावे लावले. मधल्या काळात काहींनी ट्रॅक्टर घालून तुकडे कुंपणात घेतले, एरंडी-गवार पेरली. तेव्हा माळधारी संघटनाच हरित लवादाकडे गेली, 2018 मध्ये. 2021 मध्ये लवादाने अतिक्रमणं काढायला सांगितली. आमच्याकडे सुप्याच्या किंवा नान्नजच्या माळरानाला पडीक म्हणून हिणवतात आणि धनगरांना हुसकतात, तेव्हा कुणी लवादाकडे गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मला या लोकांचं कौतुक वाटलं. आपल्याच गावातल्यांविरुद्ध उभं राहायला छाती लागते.

आता तिथे चित्त्यांचं प्रजनन केंद्र होतंय. मी उत्साहाने विचारलं. चाचा म्हणाले, "चित्ता आए, अच्छा है. मगर उसके लिए तार लगेगी. म्हैस को पाटी पढ़ना नहीं आता."

रात्री अंगणातच खाटा टाकल्या. डास होते, थंडी होती, आणि गोधड्यांना म्हशींचा वास. तंबूतल्या गिझरपेक्षा हे बरं होतं असं मी म्हणणार नाही, कारण पहाटे पाय अक्षरशः बधिर झाले होते. पण उजाडताना घंट्या ऐकू आल्या आणि मी गोधडीसकट उठून बसले. सगळ्या आल्या, आपापल्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या. चाचींनी बादल्या काढल्या, आणि तासाभरात दुधाचे कॅन मोटारसायकलवर बांधून डेअरीच्या केंद्राकडे रवाना. पूर्वी आटवून मावा करायचे, आता दुधालाच भाव आहे.

निघताना पैसे काढले तर चाचा खरोखर रागावले. मग नवऱ्याला, तो सांगलीकडचा शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कळल्यावर, त्यांनी विचारलं, "तुम्हारी भैंसें रात को किधर जाती हैं?"

"कहीं नहीं. गोठ्यात, दावणीला बांधलेली असतात."

"सारी रात?"

"दिवसाही."

चाचांनी चाचींकडे बघितलं, मग परत नवऱ्याकडे. "और फिर भी दूध देती हैं?"