पाकिटं दहा, मालक किती?

रविवारी गावी गेलो होतो, निफाड तालुक्यात, तर नाना ओसरीवर पोतं अंथरून डेंगळ्यासाठी (म्हणजे बी धरायला लावायचे) कांदे निवडत बसलेले. बारीक मानेचा, गोल, रंगाला एकसारखा असेल तो ठेवायचा, जोडकांदा बाद. हे कांदे वरून कापून लावायचे, मग उन्हाळ्याच्या तोंडाला गोंडे फुलतात, मधमाश्या त्यांचं काम करतात आणि पुढच्या वर्षीचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, घरात येतं. आमच्याकडं कांद्याचं बी विकत आणलं की शेजारी विचारतात, का हो, काय झालं?

तशी ही सगळी आपल्याच भागाची कमाई. एन-५३ ही जात नाशिकच्या स्थानिक कांद्यातूनच निवडलेली, बसवंत ७८० च्या तर नावातच आपलं पिंपळगाव बसवंत आहे.

आणि त्याच घरात, बांधापलीकडच्या तुकड्यात टोमॅटो. तिथं सगळं पाकिटावर. दहा ग्रॅमचं पाकीट, त्यात तीनेक हजार दाणे, तेही आजकाल आपण बघत नाही कारण नर्सरीवाला कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेत थेट रोपच देतो. भाऊ म्हणाला, "दुकानात दहा पाकिटं ठेवतो ना तो समोर, चॉइस आहे की." मी म्हटलं थांब, पाकिटं दहा आहेत, मालक किती ते बघू.

सेमिनिस हे नाव भाजीपाला लावणाऱ्या कुणालाही माहिती. ही कंपनी २००५ ला मोन्सॅन्टोनं घेतली, आणि २०१८ ला मोन्सॅन्टोच बायरनं घेतली, साधारण ६३ अब्ज डॉलरला. आता गंमत बघा, बायरकडं आधीपासून नुन्हेम्स नावाचा भाजीपाल्याच्या बियाण्याचा स्वतःचा धंदा होता, पण दोन्ही एकाच्या हातात राहू द्यायला सरकारी यंत्रणा तयार नव्हत्या म्हणून नुन्हेम्स बीएएसएफला विकावा लागला. म्हणजे दुकानातल्या फळीवर शेजारीशेजारी असलेल्या दोन पाकिटांचे मालक बदलले आणि पिंपळगावच्या दुकानात कुणाला पत्ता नाही, कारण पाकिटावरचं नाव तेच. त्याआधी २०१७ मध्ये सिंजेंटा चीनच्या केमचायनानं घेतली, डाऊ आणि ड्युपाँट एक झाल्या आणि त्यातून २०१९ ला कोर्टेवा वेगळी निघाली. बायर, बीएएसएफ, सिंजेंटा आणि कोर्टेवा, या चौघांकडं मिळून जगातल्या बियाण्याच्या बाजाराचा साधारण निम्मा हिस्सा. आणि या चारही कंपन्या पिकावरची औषधंपण विकतात, म्हणजे बी त्यांचं, त्यावर पडणाऱ्या किडीची फवारणीही त्यांचीच. नाना म्हणाले, "मग रोग पण त्यांचाच का?" मी हसलो, पण तसं म्हणता येणार नाही, उगाच अफवा नको.

कपाशीवाल्यांना हे आपल्याआधी कळलं. येवला-मालेगावकडं नातेवाईक असतील तर विचारा. बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या) परवानगी मिळाली २००२ ला, नंतर कितीतरी कंपन्यांची पाकिटं आली पण बहुतेकांत जनुक एकाच घरचं, मोन्सॅन्टोचं, प्रत्येक पाकिटामागं त्याची फी. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारला दर बांधून देण्याचा आदेश काढावा लागला.

कुणी म्हणेल कायदा आहे ना. आहे, आणि चांगला आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी स्वतःचं बी राखू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून नाही. पण हायब्रिड, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून काढलेल्या, टोमॅटोचं बी काढून लावलं की पुढच्या पिढीत एक झाड असं, एक तसं, फळाचा आकार जमत नाही आणि व्यापारी क्रेटकडं बघतपण नाही. हक्क कागदावर आहे, दाण्यात नाही. (कांद्यात तो आहे, कारण आपल्याकडं तिथं हायब्रिडचं अजून फारसं चालत नाही. किती दिवस, देव जाणे.)

हायब्रिडला मी शिव्या देत नाहीये. जुना गावठी टोमॅटो चवीला छान पण मुंबईला पोचेपर्यंत त्याची चटणी व्हायची. पैसा हायब्रिडनंच दिला, घराला स्लॅब त्याच्यावरच पडला.

माझा राग वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्लॉटमध्ये फळं अर्धी पिवळी अर्धी लाल, आतून कडक. तालुक्याच्या तक्रार समितीकडं जायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न, लॉट नंबर? बिल? पाकीट? रोपं नर्सरीतून घेतलेली, पाकीट नर्सरीवाल्यानं टाकून दिलेलं, बिल तोंडी. नर्सरीवाला कंपनीकडं बोट दाखवतो, कंपनीचा माणूस हवामानाकडं. सुप्रीम कोर्टानं २०१२ ला शेतकरी बियाण्याचा ग्राहक आहे हे मान्य केलंय, पण कोर्टात उभं राहायला हातात कागद तर पाहिजे. आता भाऊ नर्सरीवाल्याला स्वतः पाकीट नेऊन देतो, रिकामं परत मागून घेतो, बिलासकट फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो.

नानांनी मला पण पाटावर बसवलं कांदे निवडायला. मी ठेवलेल्यातले निम्मे त्यांनी परत बाद केले.