आठ व्हॉल्व्ह, एकच शीट

केळीच्या ठिबकसाठी आम्ही जळगावात व्हॉल्व्ह कंट्रोलर बनवतो. आठ सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), २४ व्होल्ट एसी. प्रत्येकाचं सर्किट तेच: ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल देणारा विलगक), ट्रायॅक (एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच), स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारे रेझिस्टर-कपॅसिटर), एक एलईडी. कायकॅडमध्ये, म्हणजे सर्किटचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे आठदा कॉपी-पेस्ट करणारे मला माहीत आहेत. मग स्नबरचा रेझिस्टर बदलायचा म्हटलं की आठ ठिकाणी हात घाला, त्यातलं एखादं राहतंच.

मी ‘व्हॉल्व्ह’ची एकच शीट (नकाशाचं पान) काढतो आणि रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या पानावर, तिचे आठ चौकोन मांडतो. फाइल एकच, पण पार्टचे नंबर प्रत्येक चौकोनाला वेगळे मिळतात. अ‍ॅनोटेशनला, म्हणजे पार्टना नंबर देताना, ‘शीट नंबर गुणिले १००’ निवडलं की पाचव्या शीटचे रेझिस्टर आर५०१ पासून. बोर्ड दुरुस्तीला आला आणि आर५०२ काळा पडलेला दिसला, की चॅनल लगेच कळतो.

शीटच्या आत हायरार्किकल लेबल (वायर वरच्या पानाशी जोडणारं नाव), बाहेर चौकोनाच्या कडेला त्याच नावाची शीट पिन. नाव अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर ईआरसी, म्हणजे कायकॅडची जोडणी-तपासणी, बोंब मारतं. लेबलचा बाण इनपुटचा की आउटपुटचा, याने जोडणीत काही बदलत नाही, तो वाचणाऱ्यासाठी.

आमच्याकडचा अमळनेरचा पोरगा परवा म्हणाला, “दादा, इतल्या पिना कसाले?” त्याला सगळीकडे ग्लोबल लेबल ठोकायचं होतं, म्हणजे सगळ्या पानांवर एकच वायर धरलं जाणारं नाव. अरे बाबा, आठदा वापरलेल्या शीटमध्ये कंट्रोलच्या वायरला ग्लोबल लेबल लावलं की आठही चॅनलची ती वायर एकच झाली. एक व्हॉल्व्ह उघडायला जा, आठही उघडतील! ग्राउंड आणि ३.३ व्होल्टची गोष्ट वेगळी, पॉवर सिंबॉल (पुरवठ्याच्या वायरची चिन्हं) तसेही सहसा ग्लोबलच असतात.

माझ्या शीटला तीनच पिना: कंट्रोल, एसी इन, आउट. एसी इनलाही पॉवर सिंबॉल चालला असता, पण चार-चार व्हॉल्व्हना आम्ही वेगळा फ्यूज देतो. पिन असल्यामुळे कुठला चौकोन कुठल्या फ्यूजवर, ते रूटवरच ठरतं.

रूटवर मात्र हायरार्किकल लेबल टाकून उपयोग नाही. त्याच्या वर शीटच नाही, जोडणार कुणाला? बाहेरची वायर जिथे येते तिथे खरा कनेक्टरच काढायचा. आमच्या रूटवर चौकोन, प्रोसेसरचा ब्लॉक, फ्यूज आणि टर्मिनल, बस. तेवढं एक पान लॅमिनेट करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवतो. रावेरच्या वायरमनला तेवढंच लागतं, स्नबरशी त्याला काय घेणं!